वस्तादांची वरची मूठ

माझे सासरे आणि मी एकाच कारखान्यात काम करतो. हा प्रयोग आणखी कुणाच्या मनात असेल तर त्यांनी आधी मला येऊन भेटावं. सकाळी आम्ही घरातून एकत्र निघतो. रस्ताभर "सूनबाई, डबा घेतलास का, सूनबाई, चप्पल चावते का" चाललेलं असतं. कारखान्याचं फाटक ओलांडलं की तेच गृहस्थ घसा खाकरून म्हणतात, "मॅडम, आज पाणी किती गरम ठेवायचं?" घरी मी त्यांना बाबा म्हणते आणि कारखान्यात सगळ्यांसारखं वस्ताद. एकदा एक पाय आत आणि एक बाहेर असताना त्यांना मला हाक मारायची होती, तर बराच वेळ नुसते खोकत राहिले.

कारखाना कातडी कमावण्याचा. खारवलेली कातडी ट्रकने येतात, भिजतात, चुन्यात पडून केस टाकतात आणि मग लाकडी पिंपात जातात. पिंप म्हणजे घरातलं पाण्याचं पिंप नव्हे. हे आडवं असतं, एका खोलीएवढं असतं आणि दिवसभर गरागरा फिरत असतं. त्यात कातडी, गरम पाणी आणि क्रोमची हिरवी पावडर घालतात. पांढरी आत गेलेली कातडी निळी होऊन बाहेर येतात आणि मग ती कुजत नाहीत. त्यांचे बूट करा, पट्टे करा, काहीही करा. आमच्याकडे अशी दोन पिंपं आहेत. एक दिवस एकाची पाळी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. कारखाना मालकांचा असला तरी पिंपं गेली चौतीस वर्षं माझ्या सासऱ्यांची आहेत, हे मालकांनाही मान्य आहे.

वस्ताद उंचीने माझ्या खांद्याला लागतात. नखांत निळा रंग कायमचा बसलाय. सासूबाई म्हणतात, "लग्न झालं तेव्हाच मी ओळखलं होतं, हा माणूस काही धुऊन निघायचा नाही." जगातली कुठलीही वस्तू त्यांच्यापुढे आली की ते ती अंगठा आणि बोट यांच्यात धरून चिमटतात. सोफ्याचं कव्हर, पोळी, नव्या पडद्याचं कापड, डॉक्टरांचं पाकीट. माझं लग्न ठरायच्या आधी ते मला पहिल्यांदा भेटले तेव्हा शिक्षण विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. माझ्या पर्सचा पट्टा वाकवून बघितला आणि म्हणाले, "हे चामडं नाही." मग अर्धा तास गप्प. मला वाटलं, झालं, मोडलं. नंतर कळलं की त्यांना मी फार आवडले होते आणि पर्सबद्दल वाईट वाटत होतं.

कातडं पक्कं झालं की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे. कोपऱ्याचा तुकडा कापायचा, कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि तो तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायचा. बाहेर काढून परत त्या रेघेवर ठेवायचा. आक्रसला असेल तर कातडं कच्चं. माझ्या प्रयोगशाळेत, म्हणजे गोदामाला लागून असलेल्या, एक काटा, चार बाटल्या आणि एक किटली असलेल्या खोलीत, हे काम वस्ताद करायचे. किटली चहाचीच होती. मी नवीन असताना दोन महिने तो चहा प्यायले आणि चव पाण्याची असेल असं समजत राहिले. आता माझी वेगळी किटली आहे आणि ती मी कुलपात ठेवते.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना प्रदूषण खात्याचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी आमच्या निवळटाकीच्या तोंडाचं पाणी बाटलीत भरून नेलं. पिंपातून निघालेलं पाणी ह्या टाकीत येतं, चुन्यामुळे त्यातलं क्रोम तळाला बसतं आणि वरचं निवळ पाणी गटाराला लागतं. टाकी लहान. थोडं क्रोम ती निमूट बसवते, जास्त आलं की हात वर करते. क्रोमची मर्यादा होती लिटरमागे दोन मिलिग्रॅम. आमचा आकडा आला एकवीस. नोटीस आली की आणखी दोन नमुने घेतले जातील, आणि शेवटच्या नमुन्यातही नापास झालात तर फाटकाला सील. कारखान्यात बत्तीस माणसं. आमच्या घरातली दोन तर ह्या बत्तिसातच, आणि नवऱ्याचा टेंपो आहे म्हणावं तर त्यात चामडं जातं ते ह्याच कारखान्याचं. म्हणजे फाटकाला सील म्हणजे आमच्या चुलीला सील. घरात चार माणसं, त्यातल्या तिघांची मिळकत एकाच फाटकातून येणारी. अशी अक्कल आम्ही वापरली होती.

मालकांनी मला बोलावलं. मालक स्वभावाने वाईट नाहीत, भित्रे आहेत. दोन वर्षांपूर्वी नमुन्याच्या दिवशी त्यांनी टाकीत नळाची रबरी नळी सोडून ठेवली होती, पाणी पातळ व्हावं म्हणून. इन्स्पेक्टरांनी नळीच्या मागे मागे जाऊन नळ बंद केला आणि मालकांना सांगितलं, पुन्हा पाणी मिसळलेलं दिसलं तर नमुना न घेताच सील लावीन. तेव्हापासून मालक रबरी नळी बघितली की रस्ता बदलतात. मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. काहीतरी करा, पण खरं करा."

मी खरं केलं. पूर्वी शंभर किलो कातड्याला आठ किलो पावडर पडायची. त्यातलं जेमतेम दोन तृतीयांश कातडं घ्यायचं, बाकी पाण्याबरोबर वाहून जायचं. मी पावडर सहा किलोवर आणली, पाणी जास्त गरम ठेवलं, पिंप चार तास जास्त फिरवलं, आणि क्रोम कातड्यात पक्कं बसावं म्हणून शेवटी सोडा घालतात तो अगदी सावकाश घालायला लावला. असं केलं की कातडं जवळजवळ सगळं क्रोम घेतं आणि पाण्यात उरतं ते टाकीच्या आवाक्यातलं. हिशेब चार वेळा केला. आकडा दोनच्या आत यायला हवा होता. दुसऱ्या नमुन्याचा आला एकोणीस.

आता खरं सांगून टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही. त्या एकोणीसचं कारण रोज सकाळी मला डबा घेतला का विचारत माझ्याबरोबर चालत येत होतं.

वस्तादांचं एक ठाम मत होतं. पिंपातून निघणारं पाणी गडद निळं असलं तरच कातडं पोटभर जेवलं. पाणी फिकट गेलं म्हणजे पाहुणा ताट चाटूनपुसून उठला, आणि तसा पाहुणा उठला तर घरच्यांनी शरमेने मान खाली घालायची. म्हणून मोजून दिलेली पावडर घालून झाली, सोडाही झाला, की जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, ते पिंपाची झडप उघडून आणखी थोडी पावडर आत टाकायचे. त्याला ते वरची मूठ म्हणायचे. मूठ म्हणजे पत्र्याचा डबा होता, दोन किलोचा. सोड्यानंतर घातलेलं क्रोम कातडं घेत नाही. जेवून हात धुतलेल्या माणसाच्या पानात भात वाढल्यासारखं ते होतं. सगळं तसंच टाकीत.

ह्यात लबाडी असती तर मी त्यांना केव्हाच पकडलं असतं. पंचाईत ही की लबाडी नव्हती. उपास करणारी माणसं ओट्याशी उभ्याने खाल्लेलं धरत नाहीत, तसं वस्ताद ती मूठ क्रोममध्ये धरतच नव्हते. क्रोम म्हणजे मॅडमनी काट्यावर मोजून दिलेलं. मूठ म्हणजे माणुसकी. त्यामुळे एकोणीस आकडा आला तेव्हा सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला, आणि हे एवढं क्रोम येतंय कुठून ते शोधायचा विडाही त्यांनीच उचलला.

तो शोध आठ दिवस चालला. वस्ताद पुढे बॅटरी घेऊन, मी मागे वही घेऊन. त्यांनी काट्यावर संशय घेतला, तर काटा दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आला. मग पावडरवाल्यावर घेतला, की तो पोत्यात जास्त कडक माल भरतो. मग त्यांनी टाकीचा तळ खरवडून काढला, गटाराची झाकणं उचलली आणि शेजारच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या पहारेकऱ्याला विचारून आले की तुमचं पाणी आमच्याकडे येतं का. त्याने कानावर हात ठेवले. रोज साडेबाराला ते शोध थांबवायचे, "मॅडम, तुम्ही जेवून घ्या, मी पिंप बघून येतो" म्हणायचे, डबाभर क्रोम आत टाकायचे आणि परत येऊन दुप्पट जोमाने शोधायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. इथे कळसा दोन किलोचा होता.

घरी तर आणखी वाईट. जेवताना विषय तोच. "कुणीतरी आतलाच माणूस आहे, सूनबाई," ते भाकरी चिमटून बघत म्हणायचे. "सापडू दे. गाठ माझ्याशी आहे." सासूबाई म्हणायच्या, "आधी जेवा, मग गाठ मारा."

शेवटच्या नमुन्याला बारा दिवस राहिले होते. त्या दिवशी पिंपातल्या पाण्याची ऊब बघायला मी जेवणाच्या सुट्टीत थांबले. पिंपाच्या मागे भिंतीशी एक बोळ आहे, तिथे मी वाकून बसले होते. वस्ताद आले. इकडे तिकडे बघितलं नाही, लपूनछपून काही नाही. शीळ घालत आले, पिंप थांबवलं, झडप उघडली आणि पोत्यातून डबा भरून आत रिकामा केला. मग पिंपावर थोपटलं आणि म्हणाले, "घे."

मला तिथे काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग आला, हसू आलं आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्रश्न पडला, की आता हे सांगायचं कुणाला आणि कसं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी उठणार एवढ्यात पलीकडच्या दाराची कडी वाजली. सुट्टीत कुणीतरी येतंय, म्हणजे चोरच, असं धरून वस्ताद चपळाईने बोळात शिरले आणि थेट माझ्या अंगावर येऊन थडकले.

"मॅडम, तुम्ही इथे?" ते कुजबुजले.

"तुम्ही काय टाकलंत आत?"

"काही नाही. मूठ." मग एकदम माझा दंड धरून म्हणाले, "गप. बघा. चोर सापडला."

दारातून मालक आले. पोट आत ओढून, चवड्यांवर. त्यांच्या हातात एक कागदी पिशवी होती. त्यांनी चारही बाजूंना बघितलं, झडप उघडली, पिशवी आत उलटी केली, झडप लावली आणि हात पँटच्या मागे पुसले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तेवढ्यात वस्तादांना पावडरीने शिंक आली.

पुढचं बोलणं माझ्या खोलीत झालं. मी उभी, ते दोघे बाकावर. मालक आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "कमी पावडरीत कातडं कच्चं राहिलं तर गिऱ्हाईक परत पाठवेल. म्हणून मी आपलं किलोभर. दोनच आठवडे झाले. वस्ताद आता मूठ टाकत नसतील असं वाटलं."

"तुम्हाला मूठ ठाऊक होती?" मी विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे," मालक म्हणाले. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. आठ दिवस बाकीची तीस माणसं आमच्या शोधाकडे बघत होती आणि एकालाही वाटलं नाही की मूठ म्हणजे क्रोम असतं.

वस्ताद मात्र मालकांवर भडकले होते. "मालक, तुम्ही किलोभर क्रोम टाकलंत. म्हणून आकडा चढला."

"आणि तुम्ही दोन किलो टाकलंत त्याचं काय?"

"ती मूठ होती," वस्ताद म्हणाले. त्यांच्या डोक्यात काहीतरी एका खणातून दुसऱ्या खणात हलवलं जात होतं.

पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. ते म्हणाले, "मूठ न घालता कातडं पक्कं होतं हे मला दाखवा." मी एक कातडं पाठीच्या कण्यावरून उभं कापलं. दुसऱ्या दिवशी डावी बाजू एका पिंपात मुठीसकट, उजवी दुसऱ्या पिंपात मुठीशिवाय. दोन्ही पिंपं एकदम अडकली म्हणून एक दिवसाचा चुना थांबवावा लागला, मालक रडकुंडीला आले, पण केलं. मग वस्तादांनी दोन्हींचे तुकडे कापले, रेघा मारल्या आणि किटलीत टाकले. दोन्ही जसेच्या तसे. ते म्हणाले, पाणी नीट उकळलं नव्हतं. परत उकळलं. जसेच्या तसे. म्हणाले, किटली जुनी झाली.

संध्याकाळी ते दोन तुकडे खिशात घालून घरी आले आणि सासूबाईंच्या पातेल्यात टाकले. सासूबाईंनी विचारलं, "ह्यात काय शिजतंय?" मी सांगितलं. तीन मिनिटं त्याही ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. मग चिमट्याने दोन्ही तुकडे काढून कागदावर ठेवले, रेघेला रेघ जुळलेली बघितली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सुनेचं खरं आहे. आणि हे पातेलं आता तुमचं. ह्यापुढे तुमचा चहा ह्याच्यात होईल." वस्ताद रात्री जेवलेही नीट नाहीत. दोन्ही तुकडे समोर घेऊन चिमटत बसले होते, एकदा हा, एकदा तो. शेवटी ते डोळे मिटून चिमटायला लागले आणि त्यांना कुठला कुठला ते ओळखता येईना. चौतीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कातडं ओळखता आलं नाही, आणि मी जिंकले होते तरी मला काही बरं वाटलं नाही.

पटलं, तरी हात ऐकेना. जित्याची खोड ती. डबा त्यांनी स्वतः होऊन माझ्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी साडेबाराला ते टोपीत पावडर घेऊन पिंपाशी उभे होते आणि स्वतःच टोपीकडे आश्चर्याने बघत होते. म्हणाले, "मॅडम, गोदामाला कुलूप घाला आणि किल्ली मला देऊ नका, मागितली तरी." मी कुलूप घातलं. जेवणाच्या सुट्टीत ते आवारात चकरा मारायचे, हात पाठीमागे बांधून, एक हात दुसऱ्याने घट्ट धरून. मालकांनी दोनदा वेगवेगळी कारणं काढून किल्ली मागितली. एकदा म्हणाले गोदामात त्यांचा चष्मा राहिलाय. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

नमुन्याच्या दिवशी इन्स्पेक्टर सकाळीच आले. बारीक, गंभीर गृहस्थ, हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पिंपातून पाणी सुटलं, टाकीतून निवळून तोंडाशी आलं. सगळे हातातलं काम टाकून आवारात उभे होते. पाणी जवळजवळ नितळ होतं. इन्स्पेक्टरांनी ते बाटलीत धरून उजेडात बघितलं, आपल्या पेटीतली रंगाची पट्टी त्यात बुडवली, पट्टीकडे बघितलं आणि मग मालकांकडे बघितलं.

"पाणी मिसळलंय," ते म्हणाले.

मालक दोन पावलं मागे सरकले. मी म्हणाले, "नाही साहेब, पद्धत बदललीय."

"पद्धत तुम्ही गेल्या वेळीही बदलली होती. मला कागद दिला होतात. तेव्हा एकोणीस. आज पट्टी दोनच्या खाली दाखवते. एका महिन्यात असं होत नाही. नळी कुठे आहे?" आणि त्यांनी पेटीतून सीलची लाख आणि पट्टी काढून टाकीच्या कट्ट्यावर ठेवली.

तेव्हा वस्ताद पुढे आले. खाली वाकले, टाकीच्या तोंडाशी ओंजळ धरली आणि ते पाणी तोंडात घेतलं.

"बाबा, थुंका ते," मी सगळ्यांसमोर ओरडले.

ते सावकाश थुंकले आणि बाहीने तोंड पुसलं. "साहेब, कातड्याबरोबर मीठ येतं. पाणी मिसळलं असतं तर मीठही पातळ झालं असतं. खारटपणा गेल्या वेळेएवढाच आहे. तुमच्याकडे मोजायचं काही असेल तर मोजा. माझ्यासारखं करू नका."

इन्स्पेक्टरांकडे मीठ मोजायची पेनासारखी कांडी होती. त्यांनी ती बुडवली, आकडा बघितला, पेटीतून मागच्या नमुन्याचा कागद काढून ताडून पाहिला. थोड्या फरकाने तोच. ते जरा गोंधळले, पण माणूस चिवट. "मीठ तेवढंच, पद्धत तीच, माणसं तीच. मग क्रोम गेलं कुठे? हे मला कुणीतरी सांगा, नाहीतर मी संशय लिहिणार आणि संशयावर सील लागतं."

उत्तर मला माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं, ते बुटांकडे बघत होते. खरं तर बत्तीसच्या बत्तीस जणांना माहीत होतं. पण सांगायचं मला होतं. ज्या माणसाला ही सगळी माणसं वस्ताद म्हणतात, त्याला त्यांच्यासमोर मी काय म्हणणार होते?

"मूठ माझी होती, साहेब," वस्ताद म्हणाले.

"कसली मूठ?"

"मॅडम मोजून देत होत्या ते क्रोम वेगळं. त्यावर मी माझ्या मनाने डबाभर टाकत होतो. मॅडमना न सांगता. चौतीस वर्षं टाकलं. गेल्या वेळचा एकोणीस आकडा माझा होता. दहा दिवसांपूर्वी बंद केलं, म्हणून आज पाणी असं आहे."

मी मालकांकडे बघत राहिले, की आता तरी हा माणूस तोंड उघडेल, आपल्या पिशवीबद्दल एक शब्द बोलेल. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. तो क्षण मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

"हे लिहून द्याल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मला लिहायला वेळ लागतो. तुम्ही लिहा, मी सही करतो."

इन्स्पेक्टरांनी कट्ट्यावर बसून लिहिलं. वस्तादांनी कागद लांब धरून, ओठ हलवत, सगळा वाचला. मग एका शब्दावर निळं नख ठेवलं. "इथे तुम्ही 'चुकून' लिहिलंय, साहेब. ते खोडा. चुकून नव्हतं. समजून उमजून टाकत होतो. समज चुकीची होती."

इन्स्पेक्टरांनी शब्द खोडला आणि वस्तादांनी खाली सही केली. लाखेची कांडी परत पेटीत गेली. जाता जाता इन्स्पेक्टरांनी मालकांना विचारलं, "ह्यांच्यावर काय कारवाई करणार?" मालक म्हणाले, "मी त्यांना समज देईन." आणि एवढं म्हणून त्यांना ठसकाच लागला.

संध्याकाळी घरी जाताना बाबांनी मला चपलेचं विचारलं नाही. मी म्हटलं, "बाबा, कुणाच्या मनात काही नाही. उलट सगळे म्हणत होते की तुमच्यामुळे फाटक उघडं राहिलं."

त्यांनी ते ऐकलंच नाही. "सूनबाई, ते सगळं जातं कुठे गं? टाकीतून पुढे?"

"गटारातून नाल्यात. नाल्यातून नदीत."

"आणि नदीत?"

"तळाशी बसतं. गाळात."

"वाहून जात नाही?"

"नाही. राहतं तिथेच."

ते आणखी थोडं चालले. "किती झालं असेल गं सगळं मिळून?"

हा हिशेब मी केला होता. पिंपामागे त्यांना पकडलं त्याच संध्याकाळी, रागारागाने, वहीच्या शेवटच्या पानावर, एक दिवस त्यांच्या तोंडावर फेकायचा म्हणून केला होता. आता त्यांच्याकडे बघितलं आणि तो आकडा मी गिळला. मी म्हटलं, "त्याचा हिशेब नाही लागायचा, बाबा. इतक्या वर्षांचं कोण मोजणार."

"लागतो," ते म्हणाले. "मी गेल्या आठवड्यात लावला, आवारात चकरा मारताना. वीस टन आणि चारशे किलो होतात." मग पुढे बघत म्हणाले, "आणि त्यात मालकांची पिशवी धरलेली नाही."